डार्विनची खाडाखोड

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक चित्र फार जपून ठेवलेलं आहे. ते एका लहान मुलानं काढलंय. चित्रात तुंबळ लढाई चालली आहे आणि लढणारे शिपाई चक्क फळांवर आणि भाज्यांवर स्वार झालेत. चित्र चार्ल्स डार्विनच्या घरातलं. बहुधा त्याच्या फ्रान्सिस नावाच्या मुलानं काढलेलं. आता कागद उलटा करून पाहा. पाठीमागे बापाचं अक्षर आहे. ते पान आहे ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकाच्या मूळ हस्तलिखिताचं!

आज या हस्तलिखिताचं एखादं सुटं पान लिलावात आलं तर लाखो पौंडांच्या बोली लागतात. लेखकाच्या घरी मात्र त्याचा उपयोग एवढाच, की पोरांना रंगवायला कोरी पाठ मिळते. सुमारे सहाशे पानांच्या या हस्तलिखिताचा दहावा हिस्साही आज शिल्लक नाही. त्यातली काही पानं तर केवळ मुलांच्या चित्रांमुळे तगली. चित्र घरच्यांना मोलाचं वाटलं, मजकूर नाही.

स्वतःच्या अक्षराबद्दल इतकी बेफिकिरी कुठून आली असेल? एक साधं उत्तर असं, की या लेखकाच्या लेखी कुठलाच मजकूर पक्का नव्हता. हस्तलिखित पक्कं नव्हतं, मुद्रितं पक्की नव्हती आणि छापून, बांधून, दुकानात जाऊन विकलं गेलेलं पुस्तकसुद्धा पक्कं नव्हतं.

हे अतिशयोक्तीचं वाटत असेल तर आकडे बघा. ‘ओरिजिन’ची पहिली आवृत्ती २४ नोव्हेंबर १८५९ रोजी निघाली आणि सहावी १८७२ साली. १९५९ मध्ये, पुस्तकाच्या शताब्दीला, मोर्स पेकहॅम नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं सहाही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून वाक्यागणिक फरक मोजला. पहिल्या आवृत्तीत ३,८७८ वाक्यं होती. त्यांतली जवळजवळ ३,००० वाक्यं डार्विननं पुढच्या तेरा वर्षांत पुन्हा लिहिली. काही एकदा, काही पाच-पाच वेळा. दीड हजारांहून जास्त वाक्यं नव्यानं घातली आणि सव्वातीनशेच्या आसपास काढून टाकली. लहानमोठे सगळे फरक धरले तर भरतात सुमारे ७,५००. आपण पाठभेद म्हटलं की ज्ञानेश्वरीच्या पोथ्या आठवतो. तिथे नकला करणाऱ्यांच्या हातून शब्द बदलत गेले. इथे साडेसात हजार पाठभेद एकाच माणसाचे, आणि तेही जाणूनबुजून केलेले!

(आपल्याकडे ‘दुसरी आवृत्ती’ म्हणजे पुष्कळदा नवं मुखपृष्ठ आणि आत त्याच जुन्या छपाईच्या चुका. ते जाऊ द्या.)

हा माणूस लिहायचा तरी कसा?

पद्धत त्यानं आत्मचरित्रात सांगून ठेवली आहे. आधी दोन-तीन पानांचा अगदी ओबडधोबड आराखडा करायचा. मग त्यावरून जरा मोठा आराखडा, ज्यात एकेका शब्दाच्या पोटात एकेक अख्खी चर्चा दडलेली असते. मग त्यातला एकेक शब्द फुलवत न्यायचा. तरुणपणी तो वाक्य मनात घोळवून, नीट जुळवून मगच कागदावर उतरवायचा. पुढे त्याच्या ध्यानात आलं, की भराभर, शब्द अर्धेमुर्धे टाकत, पानंच्या पानं खरडावीत आणि नंतर सावकाश दुरुस्त करावीत. वेळ तर वाचतोच, शिवाय अशी खरडलेली वाक्यं जुळवून लिहिलेल्या वाक्यांपेक्षा अनेकदा सरस निघतात.

फ्रान्सिसनं, म्हणजे बहुधा त्या भाजीपाल्याच्या लढाईवाल्या मुलानंच, पुढे वडिलांच्या आठवणी लिहिल्या. कच्चा खर्डा जुन्या मुद्रितांच्या आणि हस्तलिखितांच्या पाठकोऱ्या कागदांवर व्हायचा, असं तो सांगतो. मग त्यावरून डार्विन नीट प्रत उतरवायचा, तीत दोन ओळींत अंतर भरपूर. म्हणजे शब्द लिहितानाच ‘हा बदलावा लागणार’ हे धरून जागा सोडलेली! मग गावातले शाळामास्तर त्याची स्वच्छ नक्कल करून देत. त्या नकलेवर पुन्हा दुरुस्त्या. मग छापखाना. छापखान्यातून लांबच लांब गॅली येत, त्यांवर आधी पेन्सिलीनं दुरुस्त्या आणि नंतर शाईनं.

एवढी चाळणी कशासाठी? कारण आपल्याला सरळ, स्वच्छ लिहिता येत नाही, अशी डार्विनची खात्री होती. विनयानं म्हणायचं म्हणून नव्हे, खरोखरच. पण या अडचणीचा एक फायदा त्यानं हेरला होता. वाक्य जुळत नाही म्हणून त्याच्यावर रेंगाळावं लागतं. आणि रेंगाळलं की विचारातलीच चूक दिसते. लिहायला सोपं गेलं असतं तर ती चूक तशीच छापली गेली असती.

आता थोडं मागे जाऊ. जुलै १८३७ मध्ये, ‘बीगल’ जहाजावरची सफर संपवून वर्ष व्हायच्या आत, त्यानं एक छोटी वही सुरू केली. तिच्या एका पानावर फांद्या फुटलेल्या झाडासारखी एक वेडीवाकडी आकृती आहे. एका पूर्वजापासून अनेक जाती कशा फुटल्या असतील ते दाखवणारी. तिच्या डोक्यावर दोनच शब्द: ‘मला वाटतं’. जीवशास्त्रातल्या सर्वांत मोठ्या कल्पनेचं पहिलं चित्र, आणि त्याचा मथळा हा!

१८४२ मध्ये या कल्पनेचा ३५ पानांचा पेन्सिलनं लिहिलेला खर्डा झाला. १८४४ मध्ये त्याचा सुमारे २३० पानांचा निबंध झाला. मग एखाद्यानं छापखाना गाठला असता. डार्विननं काय केलं? बायकोला, एमाला, एक पत्र लिहिलं. मी अचानक मेलो तर हा निबंध छापायला ४०० पौंड बाजूला काढ आणि एखादा जाणकार माणूस शोधून त्याच्याकडे तो सोपव. त्यानं तो सुधारावा, वाढवावा. लेखक मृत्युपत्रात हक्क लिहून ठेवतात. या गृहस्थानं आपल्या मजकुरात दुसऱ्यानं फेरफार करावेत याचीच तजवीज करून ठेवली, वर त्यासाठी पैसेही.

पुढे आठ वर्षं शिंपल्यासारख्या कवचाच्या बार्नेकल नावाच्या समुद्री जिवांवर गेली. १८५६ मध्ये त्यानं जातींच्या उत्पत्तीवरचा थोरला ग्रंथ लिहायला घेतला. दहा प्रकरणं आणि अकराव्याचा काही भाग, सुमारे अडीच लाख शब्द लिहून झाले होते. १८ जून १८५८ या दिवशी टपालानं एक पाकीट आलं. इंडोनेशियातल्या टर्नाटे बेटावरून आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गअभ्यासकानं पाठवलेलं. त्यात नैसर्गिक निवडीची तीच कल्पना (फायद्याचे गुण असलेले जीव टिकतात आणि त्यातून जाती बदलत जातात), थोडक्यात, स्वतंत्रपणे सुचलेली. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचंही लेखन एकत्र वाचलं गेलं. डार्विन तिथे नव्हता. त्याचं तान्हं मूल तीनच दिवसांपूर्वी दगावलं होतं.

मोठा ग्रंथ बाजूला पडला आणि त्याचा गोषवारा लिहायला त्यानं सुरुवात केली. जगभर गाजलेलं ‘ओरिजिन’ म्हणजे हा गोषवारा! ‘गोषवारा’ हा शब्द पुस्तकाच्या नावातच असावा असा डार्विनचा आग्रह होता. प्रकाशक जॉन मरे यांनी तो मोडून काढला. व्यवहार कळणारा माणूस.

हस्तलिखित वाचायला कुणाकुणाकडे गेलं, यातही एक मजा आहे. सजीवांच्या भौगोलिक वाटणीवरची प्रकरणं वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकरकडे गेली होती. हुकरच्या घरी तो गठ्ठा चुकून अशा खणात गेला, जिथे त्याची बायको मुलांसाठी चित्रं काढायचे कागद ठेवत असे. हुकरच्या लक्षात येईपर्यंत पोरांनी जवळजवळ पाव भाग फस्त केला होता. सुदैवानं डार्विनकडे आधीचा खर्डा शिल्लक होता. विज्ञानाच्या इतिहासातलं हे थोर हस्तलिखित दोन-दोन घरच्या पोरांनी रंगवलं!

१८५९ च्या उन्हाळ्यात मुद्रितं हातात आली आणि डार्विनचं धाबं दणाणलं. आपली शैली इतकी वाईट असेल याची कल्पना नव्हती, दुरुस्त्या बेसुमार आहेत, जादा खर्च मी सोसतो, असं त्यानं मरेंना कळवलं. एमानं मुद्रितं वाचली. जॉर्जिना टॉलेट नावाच्या कुटुंबाच्या स्नेही बाईंनी भाषा दुर्बोध कुठे होते ते दाखवून दिलं. काम संपलं तेव्हा तो इतका आजारी होता की इल्कली या गावी पाण्याच्या उपचारांसाठी जावं लागलं. पुस्तक निघालं ते तो तिथे असतानाच. छापलेल्या १,२५० प्रतींपैकी विक्रीला असलेल्या सगळ्या पुस्तकविक्रेत्यांनी हातोहात उचलल्या, मरेंनी लगेच दुसरी आवृत्ती मागितली आणि डार्विन तिथेच, आजारपणात, पुन्हा दुरुस्तीला बसला. दुसरी आवृत्ती ७ जानेवारी १८६० ला बाहेर. सहा आठवडे!

इथवर आपण पाहिली ती भाषेची खाडाखोड. खरी थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे.

डार्विन कित्येक वर्षं एक नियम पाळत असे. आपल्या निष्कर्षाच्या विरोधात जाणारी एखादी माहिती, निरीक्षण किंवा नुसता विचार जरी समोर आला तरी तो लगेच, त्या क्षणी टिपून ठेवायचा. का? कारण आपल्या बाजूच्या गोष्टी आपोआप लक्षात राहतात, विरोधातल्या मात्र निसटतात, हे त्यानं अनुभवानं ओळखलं होतं. माणसाची स्मरणशक्ती ही मालकाची मर्जी राखणाऱ्या मुनिमासारखी असते. जमेच्या बाजूचं पान उघडून पुढे करते आणि देण्याच्या पावत्या गादीखाली सरकवते. डार्विननं त्या मुनिमाला उपदेश केला नाही. त्यानं पावत्या स्वतःच्या हातानं वहीत चिकटवायला सुरुवात केली. नम्रता हा स्वभावाचा गुण असेल तर तो एखाद्यात असतो, एखाद्यात नसतो, काय करणार? पण डार्विनची नम्रता वही-पेन्सिलीच्या पातळीवरची होती, रोज करायच्या कामासारखी. ती कुणालाही जमेल. जमवून घेणारे इतके थोडे का, हे मला नेहमीच कोडं वाटत आलं आहे.

याचा परिणाम असा, की ‘ओरिजिन’वर टीकाकारांनी तुटून पडण्याआधीच बहुतेक कडक आक्षेप पुस्तकात हजर होते. सहाव्या प्रकरणाचं नावच ‘सिद्धान्तापुढच्या अडचणी’ अशा अर्थाचं आहे. डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव टप्प्याटप्प्यानं कसा घडेल? दोन जातींमधले मधले दुवे कुठे गेले? आणि पुढच्याच प्रकरणात, मुंग्यांच्या वारुळातल्या वांझ कामकऱ्यांचं काय? यातला एकेक प्रश्न वाचताना वाटतं, आता हा माणूस स्वतःचाच डाव उधळतोय. मग तो शांतपणे उत्तर द्यायला लागतो. ज्याचं उत्तर नाही तिथे तसं सांगतो.

आणि तरीही चुका राहिल्या. एक तर फारच देखणी आहे. ती जवळून बघू.

डार्विनचं घर केंट परगण्यात होतं. तिथून दक्षिणेला वील्ड नावाचा सखल प्रदेश आहे. कधीकाळी त्याच्यावर घुमटासारखे खडकांचे थर होते. ते झिजून गेले. झिजायला किती काळ लागला असेल? डार्विननं सरळ गणित मांडलं. समजा समुद्र पाचशे फूट उंचीचा कडा शंभर वर्षांत एक इंच या वेगानं खातो. वील्डची रुंदी २२ मैल, म्हणजे १३,९३,९२० इंच. इंचाला शंभर वर्षं, म्हणजे १३,९३,९२,००० वर्षं. पण झिजलेल्या थरांची जाडी सरासरी १,१०० फूट, पाचशेच्या २.२ पट. गुणा: ३०,६६,६२,४०० वर्षं. त्यानं हा आकडा छापला आणि ‘ढोबळमानानं तीस कोटी’ म्हणून पुढे गेला.

टीकाकारांनी झोडपलं. शंभर वर्षांना एक इंच हे कशावरून? दुसऱ्या आवृत्तीत डार्विननं जोड दिली, की वेग दोन-तीन इंच धरणं जास्त सुरक्षित. मग काळ दहा-पंधरा कोटींवर येईल. तिसऱ्या आवृत्तीत, १८६१ मध्ये, अख्खं गणितच गायब! आज आपल्याला ठाऊक आहे की वील्डच्या माथ्यावरचा चॉकचा थर साठला तोच मुळी सुमारे दहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि झीज त्याच्यानंतरची. म्हणजे आकडा खरोखरच चुकीचा होता. पण पृथ्वीचं वय कल्पनेपलीकडे मोठं आहे हा त्यामागचा मुद्दा? तो शंभर टक्के बरोबर.

तसंच अस्वलाचं. उत्तर अमेरिकेत एक काळं अस्वल तासन्‌तास तोंड उघडं ठेवून पोहताना आणि पाण्यातले किडे गिळताना दिसलं होतं, अशी नोंद डार्विननं वाचली होती. पहिल्या आवृत्तीत त्यानं मोकळेपणानं लिहिलं, की अशा अस्वलांचं तोंड पिढ्यान्‌पिढ्या मोठं होत जाऊन अखेर देवमाशासारखा अवाढव्य प्राणी घडला तर त्यात अवघड असं काही नाही. लोक खो-खो हसले. दुसऱ्या आवृत्तीत अस्वल राहिलं, त्याचा देवमासा होणं गेलं. बिचारं आता नुसतंच पोहतं. आज कळतं की देवमासा अस्वलापासून नव्हे, खूरवाल्या प्राण्यांच्या कुळातून आला. जमिनीवरून पाण्याकडे निघालेल्या त्याच्या नातलगांचे जीवाश्म सापडले ते आपल्या जम्मूत, कच्छमध्ये आणि पलीकडे पाकिस्तानात. अस्वल चुकलं. पण जमिनीवरचा सस्तन प्राणी समुद्रात जाऊन देवमासा झाला, हे मूळ धाडस अचूक ठरलं!

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते, आणि मला ती याच ठिकाणी सगळ्यात जास्त आवडते. चूक सुधारताना डार्विन तिच्याबरोबर थोडं खरंही काढून टाकत होता. पुढे हे वाढत गेलं.

१८६२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी पृथ्वीच्या थंड होण्याच्या वेगावरून तिचं वय काढलं. दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षं, बहुधा दहा कोटींच्या आसपास. डार्विनच्या सावकाश चालणाऱ्या निवडीला एवढा काळ पुरणार नव्हता. समोर त्या काळातला सर्वांत मोठा भौतिकशास्त्रज्ञ, हातात गणित. डार्विननं वाद घातला नाही. आरंभीच्या काळात बदल आजच्यापेक्षा वेगानं झाले असतील अशी शक्यता मान्य केली.

मग १८६७ मध्ये एक परीक्षण आलं, लेखकाच्या नावाशिवाय. लिहिणारा होता फ्लीमिंग जेन्किन, पेशानं अभियंता. त्याचा आक्षेप साधा आणि जीवघेणा होता. मुलामध्ये आईबापांच्या गुणांचं मिश्रण होतं, असंच तेव्हा सगळे धरून चालत. मग एखाद्या प्राण्यात एखादा नवा फायदेशीर गुण उगवला तरी त्याचा जोडीदार सामान्यच असणार. पिलात तो गुण निम्मा उतरेल, नातवंडात पाव, पणतवंडात अष्टमांश. निवड व्हायच्या आधीच तो विरून जाईल. डार्विननं १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत सरळ कबूल केलं, की सुटे बदल टिकून राहणं किती दुर्मीळ आहे हे त्या लेखामुळे कळलं. शिवाय वापरामुळे अवयवांत झालेले बदल पुढच्या पिढीत उतरतात, या जुन्या कल्पनेवर तो अधिकाधिक भिस्त ठेवू लागला.

आता धक्का. केल्विन चुकले होते. पृथ्वीच्या पोटातल्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांची उष्णता त्यांच्या हिशेबात नव्हती आणि असणंही शक्य नव्हतं. किरणोत्सर्गाचा शोधच लागला १८९६ मध्ये. आत खोलवर खडकही संथपणे फिरतात, तेही त्यांनी धरलं नव्हतं. आजचा आकडा सुमारे ४५४ कोटी वर्षं! आणि जेन्किन? तोही चुकला होता. गुण विरघळत नाहीत. ते अखंड राहून पुढे जातात. हे दाखवणारा ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ मध्येच, म्हणजे जेन्किनच्या आधी, ब्रुन शहरात छापून झाला होता. जेन्किनला द्यायचं उत्तर तिथे तयार पडून होतं, आणि डार्विन नको तिथे माघार घेत होता.

‘निर्मात्या’चा प्रकारही असाच. पहिल्या आवृत्तीच्या शेवटच्या वाक्यात सुरुवातीच्या मोजक्या सजीवांत प्राण फुंकला गेल्याचा उल्लेख होता. दुसरीत डार्विननं तो ‘निर्मात्याकडून’ फुंकला गेला असं जोडलं. तीन-चार वर्षांत त्याला याचा पस्तावा झाला. लोकांच्या मतापुढे आपण झुकलो याची खंत त्यानं हुकरला पत्रात कळवली. तरी तो शब्द सहाव्या आवृत्तीपर्यंत जागचा हलला नाही. साडेसात हजार फरक करणाऱ्या माणसाच्या हातून हा एक शब्द मात्र सुटला नाही. का, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

तो काही संत नव्हता. चूक उमगली की चिडायचा, स्वतःवरच. १८६२ मध्ये क्लोव्हरच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांबद्दल त्यानं शेजारी जॉन लबकला मोठ्या उत्साहानं एक शोध कळवला. लगेच ध्यानात आलं की सगळा भ्रम होता. मग माफीचं पत्र: मला माझा राग येतोय, क्लोव्हरचा येतोय आणि मधमाश्यांचा येतोय! नम्र माणसं अशी फणफणतात हे वाचून बरं वाटतं.

शेवटच्या आवृत्त्यांत आणखी काय काय शिरलं? ‘जो सर्वांत लायक तो टिकतो’ हा सगळ्यांच्या तोंडी असलेला वाक्प्रयोग डार्विनचा नव्हे, तो तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचा. वॉलेसच्या आग्रहावरून तो पाचव्या आवृत्तीत आला. ‘उत्क्रांती’साठीचा ‘इव्होल्यूशन’ हा शब्द या पुस्तकात पहिल्यांदा दिसतो तो थेट सहाव्या आवृत्तीत. ज्या दोन गोष्टींनी हे पुस्तक ओळखलं जातं, त्या दोन्ही पहिल्या आवृत्तीत नाहीत! आणि सेंट जॉर्ज मिव्हार्ट या कडव्या टीकाकाराला उत्तर म्हणून सहाव्यात एक नवंकोरं प्रकरणच घातलं गेलं. पुस्तक पहिल्यापेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं फुगलं.

म्हणून आज बहुतेक जाणकार पहिलीच आवृत्ती पसंत करतात. तिच्यात वाक्यं धावतात. सहावीत लेखक दर चार पावलांवर थांबून कुणाला ना कुणाला खुलासा देत राहतो. दुरुस्ती केली म्हणजे लेखन चांगलंच होतं, ही लेखनाच्या शिकवण्यांत सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही. छापण्याआधीच्या वीस-बावीस वर्षांत डार्विननं स्वतःशी वाद घालत जी खाडाखोड केली तिनं पुस्तक घडलं. छापल्यानंतरच्या तेरा वर्षांत दुसऱ्यांच्या आक्षेपांना उत्तरं देत जी केली तिनं काही चुका गेल्या, पण पुस्तक दमलं. माझं मत विचाराल तर त्याची चूक ऐकून घेण्यात नव्हती. समोरच्याच्या अधिकारालाच पुरावा धरण्यात होती. वहीत चिकटवलेली पावती खरी की खोटी, हेही तपासावं लागतं.

पण असंही आहे, की हे आपण आज म्हणू शकतो ते त्यानं पाच वेळा स्वतःला उघड्यावर दुरुस्त केलं म्हणूनच. कुठला शब्द कधी गेला, कुठल्या टीकेनं गेला, हे सारं छापील पुराव्यासह समोर आहे.

वाचायचं मनावर घेतलंत तर एक काळजी घ्या. बाजारातल्या स्वस्त प्रतींमध्ये पुष्कळदा सहाव्या आवृत्तीचा मजकूर असतो, आणि तसं लिहिलेलंही नसतं. अनुक्रमणिका उघडा. प्रकरणं पंधरा असतील तर ती सहावी. चौदा असली तर पहिल्या पाचांपैकी एक. मग अस्वल शोधा. त्याचा देवमासा होत असेल तर तुमच्या हातात पहिली आवृत्ती आहे, तीच घ्या. सहाही आवृत्त्या ‘डार्विन ऑनलाइन’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पहिल्या आणि सहाव्या आवृत्तीतलं सहावं प्रकरण काढा, शेजारी शेजारी ठेवा, आणि कुठलाही एक परिच्छेद निवडून बघा.